टॅक्सीपुरते रियाल

मस्कतहून रत्नागिरीला परतताना माझ्या मोठ्या भावाच्या पाकिटात एकही रियाल नव्हता. आधीच्या कुठल्याच सुट्टीत असं झालं नव्हतं. या वेळी झालं ते माझ्यामुळे, आणि करताना मला ते ठाऊकही नव्हतं.

दादा तिकडे एका बांधकाम कंपनीत क्रेन चालवायचा. मस्कतच्या रुवी भागातल्या एका खोलीत राहायचा. खोलीतले सगळे आपल्याच जिल्ह्यातले: कोणी आंजर्ल्याचा, कोणी केळशीचा, कोणी आमच्यासारखा जयगड खाडीच्या काठचा. एक सुट्टीवर गेला की त्याची खाट दुसरा कोणी घेत नसे. चादर घडी करून उशाशी ठेवायची, एवढंच.

मी रत्नागिरीत वर्तमानपत्रात नोकरी करतो. ती करता यावी यासाठी लागलेलं शिक्षण त्या क्रेनवरच्या पगारातून झालं. मी कधी विषय काढला की दादा म्हणायचा, "छापून आणू नकोस म्हणजे झालं." त्या वर्षी त्यानेच मला तिकीट पाठवून बोलावून घेतलं. काही दिवस राहायचं आणि त्याची सुट्टी सुरू झाली की दोघांनी मिळून गावी यायचं, असं ठरलं होतं.

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने मला फोनवरचं एक पत्र दाखवलं. जयगडच्या बंदरात क्रेन चालवणारे हवे होते आणि त्याची निवड झाली होती. पगार मस्कतच्या निम्म्याहून कमी. इकडचा करार संपत आला होता. नव्या करारावर सही सुट्टीवरून परत आल्यावर करायची होती. म्हणजे परत आला तर मस्कत, नाही आला तर जयगड.

"वहिनीला सांगितलंस?"

"नाही. सांगितलं की ती हो म्हणणार. मग पैसे पुरले नाहीत की मीच वाईट."

त्याची मुलगी बारावीला होती. तिच्या पुढच्या शिक्षणाचा हिशेब तो सारखा मनात मांडत असावा, कारण बोलता बोलता मध्येच बोटांवर काहीतरी मोजायचा. मी मत दिलं नाही. माझ्या शिक्षणाचे पैसे देणाऱ्याला मुलीच्या शिक्षणाच्या पैशांबद्दल मी काय सांगणार होतो?

निघण्याच्या दोन दिवस आधी उरलेले रियाल बदलून घ्यायचे होते. विमानतळावर भाव पडतो, म्हणून खोलीतले सगळे रुवीच्या बाजारातच बदलतात. दादाची संध्याकाळपर्यंत ड्युटी होती. त्याने पाकीट माझ्याकडे दिलं. "माझे पण घेऊन जा," एवढंच म्हणाला. माझ्यासोबत खोलीतला आंजर्ल्याचा ड्रायव्हर होता. त्याला घरी पैसे पाठवायचे होते.

काउंटरवर मी पाकीट रिकामं केलं. आतल्या चेनच्या कप्प्यात प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घडी केलेल्या काही नोटा होत्या. दादा विसरला असेल असं वाटलं. त्याही दिल्या. नाणी घेत नाही, असं पलीकडच्या मुलीने सांगितलं, तेव्हा ती खिशात टाकली. पावती घेतली. काम चोख झालं, अशा समाधानात बाहेर आलो.

"टॅक्सीचे ठेवलेस ना त्याचे?" ड्रायव्हरने विचारलं.

"कसले टॅक्सीचे?"

"पिशवीतले."

"सगळेच बदलले."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि पुढे चालू लागला. मी नाण्यांची बिस्किटं घ्यायला दुकानात थांबलो. तो थांबला नाही.

नंतर कळलं ते असं. सुट्टीवर जाणारा माणूस थोडे रियाल कधीच बदलत नाही. परत येताना विमानतळावरून खोलीपर्यंतच्या टॅक्सीला ते लागतात. जो सगळे बदलून टाकतो तो परत येणार नसतो. तोंडाने सांगायच्या आधी खोलीला हे पाकिटावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे सुट्टी. दुपारी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सगळे जेवायला बसले. बांगड्याचं कालवण केळशीच्या काकांनी केलं होतं. ते एका मेसमध्ये आचारी होते आणि वयाने खोलीत सगळ्यांत मोठे. पहिला घास होतो न होतो तोच ड्रायव्हरने तोंड उघडलं.

"काय रे, चोरून पळतंस? सांगितलंस पण नाही!"

"कोण पळतंय?" दादा म्हणाला.

"काल तुझा धाकटा सगळे बदलून आला. पिशवीतले पण."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीबद्दल बोलायला लागलो, पण काकांनी हाताने थांबवलं.

"त्याला काय माहीत आपलं? चुकून केलंन्." त्यांनी डाव्या हाताने खिशातून एक नोट काढली आणि दादाच्या ताटाशेजारी कागदावर ठेवली. "घे. उतरल्यावर लागेल. परत आलास की दे."

ते चांगुलपणानेच म्हणाले होते. माझी चूक त्यांनी अशी सहज निस्तरली होती, आणि दादाला नोट उचलून खिशात टाकण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. तो जेवत राहिला. भात मागून घेतला. ताटातला बांगडा संपला तरी नोट तिथेच होती.

"काका, ती उचला," तो शेवटी म्हणाला. "कालवण सांडेल तिच्यावर."

"म्हणजे?"

"मला लागणार नाही."

काकांनी नोट उचलली, गुडघ्यावर सरळ केली आणि खिशात ठेवली. का, कशासाठी, पगार किती, काही विचारलं नाही. दादाच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

"मग तुझी खिडकीखालची खाट माझी," ड्रायव्हर म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"मेल्या, तो अजून बसलाय तिच्यासमोर!" काका ओरडले, आणि खोली हसली. दादाही हसला. त्या दिवसांत तो मोकळा हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

विमानतळावर सोडायला तिघे आले. टॅक्सीचे पैसे काकांनी दिले. आभार मानायची त्या खोलीत पद्धत नव्हती, म्हणून मी मानले नाहीत. नोट पुढे करणारा आणि परत घेताना एकही प्रश्न न विचारणारा तो माणूस नसता, तर दादाला ते वाक्य बोलायची वेळच आली नसती, असं मला आजही वाटतं. त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे, आणि ते इथे लिहून ठेवतो.

घरी वहिनी दारातच होती. पाणी देऊन तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"परतीचं तिकीट कधीचं?"

"काढलं नाही."

तिचा चेहरा उतरला. "कंपनीने काढलं का तुम्हाला?"

"नाही गो. जयगडला लागतोय. बंदरात."

"पगार?"

"निम्म्याच्या आत."

आतून मुलगी बाहेर आली होती. तिने बापाच्या हातातली बॅग घेतली आणि ती घेऊन तशीच ऐकत राहिली.

"घरी कधी येणार?" वहिनीने विचारलं.

"पाळी असेल तसा. पण रोज."

"रोज," वहिनी म्हणाली. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे वळली. "म्हणजे डबा लागणार. घरातला एकुलता एक धड डबा तुम्ही रत्नागिरीला नेऊन ठेवलाय भाऊजी. तो आधी आणून द्या."

डबा मी दुसऱ्याच दिवशी पोचवला.