मर्लची ताडपत्री

ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या मर्ल हॅड्रिकनं एकतीस वर्षं ताडपत्र्या शिवल्या. त्यातली पहिली बारा लष्करी ट्रकांच्या. निवृत्त झाल्यावर मशीन विकलं, पण बोटं काही गप्प बसेनात.

शेजारचा रॉन फेनविक लष्करी गाड्यांची छोटी मॉडेल्स जुळवायचा. एकदा त्यानं वीतभर ट्रक मोठ्या कौतुकानं तिच्यापुढे ठेवला. मर्लनं चष्मा लावला.

"ट्रक झकास. पण वर हा पत्रा कशाला ठोकलायस?"

"पत्रा नाही गं, ताडपत्री! खोक्यात प्लास्टिकचीच येते."

"मेल्या, ताडपत्री अशी ठोकळ्यासारखी बसते होय? काढ ती."

रॉननं तारेच्या कमानी वाकवून दिल्या. मर्लनं आधी जुना रुमाल घालून पाहिला, पण एवढ्याशा ट्रकावर तो गोधडीच वाटायला लागला. मग तिनं चहाच्या वापरलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या, धुऊन वाळवल्या, त्यांच्या कागदाला इस्त्री केली. कडा दुमडून तो पाणी घातलेल्या डिंकात भिजवला, कमानींवर पसरला आणि मधल्या जागेत ओल्या कुंचल्यानं हलकेच दाबला. दोऱ्या शिवणाच्या धाग्याच्या, पट्टे वाइनच्या बाटलीच्या गळ्यावरच्या चंदेरी वेष्टणाचे.

मॉडेल क्लबाच्या प्रदर्शनात परीक्षक डेस पॉमरॉयनं नकारार्थी मान हलवली. "काम नाजूक आहे, पण ताडपत्री फार खचलीय. लष्करात असलं ढिलं चालत नाही."

रॉन चुळबुळला. मर्लनं शांतपणे विचारलं, "तुम्ही किती शिवल्यात?"

"मी? एकही नाही."

"मग चला माझ्याबरोबर."

बाहेर तिची उघड्या हौद्याची गाडी उभी होती. हौद्याच्या कमानींवरच्या ताडपत्रीत सकाळच्या सरीचं पाणी साचलं होतं.

"ओढा दोरी. ढिली आहे?"

डेसनं ओढली. तसूभरही हलली नाही.

"दोन उन्हाळे खाल्ले की कापड मध्ये बसतंच. रॉननं चाकांना चिखल लावलाय, तो दिसला नाही? तो ट्रक काय काल कारखान्यातून निघालाय?"

डेस हसत सुटला. "हरलो, बाई!" आत जाऊन त्यानं गुण बदलले. पहिलं बक्षीस एका रणगाड्याला गेलं, ट्रकाला दुसरं मिळालं. रणगाड्यावर चिंधीसुद्धा नव्हती, हे मर्लनं परततानाच्या वाटेत रॉनला तीनदा ऐकवलं.

पुढच्याच महिन्यात डेसनं तिला क्लबात शिकवायला बोलावलं. चौदा धिप्पाड बाप्ये टेबलाभोवती बसले, ट्रकांवर ठेवायच्या ताडपत्रीच्या अंगठ्याएवढ्या वळकट्या बांधायला. निम्म्यांना गाठ जमेना.

"श्वास घ्या रे," मर्ल म्हणाली, "आणि गाठ सोडून परत बांधा. मी आहे इथं पाचपर्यंत."