आत्याच्या हातची लांब रोटी

सुमनआत्याला शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. हृदय थकलं होतं, जीभ मात्र शाबूत. तिच्या कोपरांवरचे लाल, खवलेदार चट्टे पाहून शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंनी हळूच खुर्ची मागे ओढली. "सरकू नका बाई, सोरायसिस हाय. कोणाले लागत नाही," आत्या म्हणाली आणि त्यांना सगळं समजावत बसली. मी डबा घेऊन ताटकळत... त्याच आठवड्यात ती गेली.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, वीज केंद्रात नोकरीला असताना कोराडीच्या वसाहतीत आत्याच्या लांब रोटीचं नाव होतं. सैल भिजवलेली कणीक ती दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झुलवत पातळ करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायची. कुणाकडे काही कार्य निघालं की पहिलं बोलावणं तिला. मग हातांवर चट्टे उमटले आणि बोलावणी आटली. कुणी म्हणे वीज केंद्राच्या राखेची ॲलर्जी, कुणी म्हणे रोग पसरेल. एका बारशाला तर शेजारणींनी तिचं मडकं तेवढं मागून नेलं, तिला नाही! त्या दिवशी ती जेवली नाही. मला त्या बायांचा अजूनही राग येतो.

त्वचेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, सोरायसिस. मुळापासून जात नाही, पण औषधानं ताब्यात राहतो आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. झालं! लांब बाह्यांचे ब्लाउज कपाटात गेले आणि वसाहतीच्या गणपतीत आत्यानं थेट माईक हातात घेतला. "हात लावल्यानं, संग जेवल्यानं हे होत नाही. भेव वाटते त्यानं मले विचारावं. मागं काहून बोलून राहिले?" काका खाली मान घालून उगीच चपला शोधत होते. पुढे सीताबर्डीच्या बसमध्येही कुणी अंग चोरलं, की उतरेपर्यंत त्याची शिकवणी चाले. अंग झाकून फिरणारी माणसं तिचा पत्ता विचारत यायची. ती त्यांना डॉक्टरकडे पिटाळायची. रोटी मात्र तिनं पुन्हा केली नाही. मिठाची कणीक हातांच्या चिरांना झोंबायची... शेजारच्या प्रणालीला ती खुर्चीवर बसून शिकवायची. "झुलव वं, भिऊ नको."

प्रणालीलाही सोरायसिस. त्यापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आता औषधानं हात निवले आहेत, कोपरांवर पुसट डाग तेवढे उरलेत.

तेरवीला काकांच्या प्रताप नगरच्या घराच्या गच्चीवर आत्याचं मडकं पालथं घातलं आणि प्रणाली बाह्या सारून बसली. कोराडीच्या जुन्या शेजारणीही आल्या होत्या. त्यांनी तिचे हात पाहिले, एकमेकींकडे पाहिलं. माझा घास हातातच राहिला. मग त्यांतल्या सगळ्यांत थोरल्या काकूंनी ताट पुढे केलं. "मले वाढ वं पोरी. गरम दे."

मडकं अजून गच्चीवरच आहे. परवा कुणीतरी ते मागायला आलं, तर एरवी चपला शोधणारे काका ताडकन म्हणाले, "मडकं एकटं जात नाही. प्रणालीले बोलावणं करा, मग न्या."