सुर्खेत, पस्तीस मिनिटं

डोंगरातल्या चौरखोल्याहून सुर्खेत शहर विमानानं पस्तीस मिनिटांवर. पायी निघालं तर गाडीरस्ता गाठायलाच तीन दिवस, पुढे जीप. धनरूप रोकायाचं सगळं आयुष्य या दोन अंतरांच्या मधे गेलं. विमानात मात्र तो कधी बसला नाही. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची खोली, आत रेडिओ. सकाळी सुर्खेतहून विचारणा यायची, धनरूप दरीकडे बघून वारा सांगायचा. तिकडून विमान उडालं की तो भोंगा वाजवायचा आणि बायका पट्टीवरच्या शेळ्या हाकायच्या. दहानंतर दरीतून वारा चढतो. मग कुणाची विनवणी चालत नसे. त्याच्या नोकरीच्या आधी एक विमान असंच वाऱ्यात उतरलं होतं. त्याचे पत्रे अजून गावातल्या गोठ्यांवर आहेत.

त्या सकाळी त्याची सून जुनकली पट्टीच्या कडेला घोंगडीवर पडली होती. पोर पोटात आडवं. आरोग्यचौकीतली नर्स स्पष्टच म्हणाली होती, आज सुर्खेतला पोट चिरलं नाही तर दोघंही जातील. मुलगा मलेशियात. सुर्खेतला विमान तयार उभं होतं. पेशंट कोण, हे धनरूपनं तिकडे सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर तिथले वैमानिक वाऱ्यातही निघाले असते.

त्याच्या बायकोनं, लालसरानं, धुपीच्या झाडाच्या ओल्या फांद्या पेटवल्या. प्रवासाला निघणाऱ्यासाठी तिकडे धूर करतातच. धूर माणसाच्या उंचीएवढा सरळ चढला, तिथे मोडला आणि पट्टीवर आडवा होऊन पळत सुटला. कुणीतरी वरून तळहात दाबावा तसा. नऊही वाजले नव्हते.

"दाइ, बोला," रेडिओवरचा सुर्खेतचा पोरगा म्हणाला. धनरूपला तो दाइ, म्हणजे दादा, म्हणायचा. "निघू द्यायचं ना?"

लालसरा दारात येऊन उभी राहिली. "धूर सरळ आहे म्हणा," ती हळूच म्हणाली. "ते कुठे येतायत बघायला?"

"त्यांना वाऱ्यातच उतरायचंय."

"तुमचा नातू आहे हो पोटात."

धनरूपनं बटण दाबलं. "वारा चढलाय. येऊ नका."

"आज इतक्या लवकर? जरा उलटी फुंकर मारा की, दाइ." पोरगा हसला आणि आवाज बंद झाला.

लालसरानं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. फांद्या विझवल्याही नाहीत.

पायवाटेनं गाडीरस्ता गाठायला, पाठीवर ओझं वाहायच्या वेताच्या मोठ्या करंडीची एक बाजू कापून तिच्यात घोंगडी घातली, जुनकलीला बसवलं. सोबत तीन गडी होते, आळीपाळीनं उचलायला. पहिली पाळी धनरूपनं मागून घेतली. करंडीचा पट्टा कपाळावर चढवला की मान वर करता येत नाही, समोर फक्त आपली पावलं दिसतात. धावपट्टी संपते तिथून वाट दरीत उतरते. वारा इतका होता की पाठीवरचं कण्हणं मधूनच ऐकू यायचं, मधूनच वाहून जायचं.

दुसऱ्या वळणाला वारा पडला. असा भरदिवसा, एकाएकी. एवढ्या वर्षांत त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. वाटेकडेचं गवत ताठ उभं राहिलं. नदीचा आवाज वर आला, कुठल्या तरी पाखराचा आला. पाठीवरून काहीच आलं नाही.

गडी थांबले. एकानं हाक मारली, "काका." मग पुन्हा, "काका, जरा उतरवा."

धनरूप चालत राहिला.