मले कोणी रागावलंच नाई

मंडळी, नोकरीसाठी काल स्पेनच्या वलेन्सियाले पोचली. समोर निळाशार समुद्र, अन् डोक्यावर आपल्या हिंगणघाटसारखं ऊन.

आज दुपारी पहिल्यांदा बाहेर पडली. सवयीनं तोंडाले दुपट्टा गुंडाळला, फक्त डोळे उघडे. किनाऱ्यावर पाहते तर सारं गाव उघड्या अंगानं उन्हात पडून! लोक माह्याकडं पाहून राह्यले होते अन् मी त्यायच्याकडं.

एका बाकावर एक आजी भर उन्हात एकट्याच बसल्या होत्या. बाजूलेच झाडाची सावली. माह्या तोंडून निघूनच गेलं, “आजी, सावलीत बसा नं, ऊन लागन!”

त्यायले काय समजलं, कोण जाणे. हसल्या अन् सरकून मले जागा करून दिली. उन्हातच.

मी बसली. सकाळपासून माह्या तोंडून निघालेलं ते पहिलंच वाक्य होतं. थोड्या वेळानं आजीही उठून गेल्या.

आपल्याकडं असती तर चार दारांतून आवाज आला असता, “काऊन उन्हात फिरून राह्यली वं? घरात ये!” इथं कोणीच हटकत नाई.

कोणीतरी कमेंटमध्ये मले जरा रागावजा नं. तोवर मी याच बाकावर बसून आहो.