शिवलेलं शेवटचं प्रकरण

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सातवीच्या पोरांनी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचलं, की माझं डोकंच सरकायचं.

तसा त्यांचा तरी काय दोष? भूकंपानंतरची ती वर्षं. आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघालेले. थोरल्या भावंडांचं बघून बारकी पोरंही आधी गाईडातलं उत्तर बघायची, मग प्रश्न. वाचनाच्या तासाला मी रहस्यकथा आणायचे. चोर कोण, ते पोरांनी पुराव्यानिशी लिहायचं, असा माझा बेत. पण पोरं शेवट बघून मोकळी! वैतागून मी सुईदोरा घेतला आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिवून टाकलं. घ्या, बघा आता!

वर्गात एका टेलरची मुलगी होती. भूकंपात गावाकडचं घर पडलं तशी ती माणसं लातूरला आली. त्या धावपळीत तिची दोन वर्षं बुडाली. घरात दखनी उर्दू बोलायचे, त्यामुळं मराठी वाचताना ती अडखळायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. वडलांनी मला बजावलं होतं, "बाई, दिवाळीपर्यंत बघतो. वाचता आलं न्हाई तर दाखला द्या. मशीनवर बसल, हाताला हुनर तरी लागल." दिवाळी तोंडावर आलेली. मी तिला एक पुस्तक घरी नेऊ दिलं.

सोमवारी तिनं ते परत आणलं. शेवटच्या प्रकरणाचा दोरा बघितला आणि मी उडालेच. माझे टाके गोधडीसारखे, वेडेवाकडे. हे बारीक, एका रेषेत. उसवून पुन्हा शिवलेलं!

"शेवट बघितलास ना? लबाड कुठली!" मी भर वर्गात ओरडले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी वडीलच दाखला मागायला आले.

"पोरगी न्हाईच म्हणून राहिली शाळेला. पुस्तक उसवून चित्रं बघत बसली असल. माफ करा, बाई."

चित्रं? शेवटच्या प्रकरणात एकही चित्र नव्हतं. अगं बाई! मग उसवून ही पोरगी बघत काय होती? वाचतच होती की! एकटी, कुणी हसायला नसताना. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

"दाखला संध्याकाळी बघू," म्हणाले आणि शाळा सुटल्यावर थेट त्यांच्या दुकानात गेले. ती शर्टाला काज करत बसली होती.

"चुकलं माझं, पोरी," मी म्हणाले. मग वडलांकडं वळले. "ही वाचती. अख्खं प्रकरण वाचलंय हिनं."

"मराठी?" त्यांना खरं वाटेना. बाहीच्या मापाला कापलेला मराठी पेपराचा तुकडा त्यांनी तिच्यापुढं धरला. "पढ."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बोट ठेवून वाचायला लागली. पाण्याच्या टँकरची बातमी होती. हळूहळू, पण एक अक्षर चुकली नाही. मधेच थांबली. वडलांचा चेहरा पडला.

"बस? इत्ताच?"

"आगे कट्या सो है, अब्बा," ती म्हणाली. "तुमीच काटे."

त्यांनी तुकडा हातात घेतला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"दाखला राहू द्या, बाई," ते म्हणाले.