बर्फाखालची मासळी

'बंध' म्हटले की आपल्याला बेडी आठवते. आमच्या कॉलेजातील रसायनशास्त्राच्या परुळेकर बाईंच्या लेखी तो शब्द सौम्य आहे: पाण्याच्या एका रेणूतील हायड्रोजनला शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनची असलेली ओढ. ती क्षणात तुटते, क्षणात जुळते. मी तिथे संस्कृत शिकवतो. अशा बाईंशेजारी स्टाफरूममध्ये बसल्यावर किस्से साचणारच.

एकदा प्राचार्यांनी पाहुण्यांसाठी कोकमाच्या पाण्याची काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी लाल बर्फ आणि काचा.

"बाटली हलकी निघाली," प्राचार्य म्हणाले.

"बाटली चांगलीच होती, सर," बाई म्हणाल्या. " गोठताना रेणू हात लांबवून उभे राहतात. तेवढी जागा तुम्ही ठेवली नाहीत."

तोंडवलीच्या किनाऱ्यावर सहल गेली होती. तापलेल्या वाळूवर मुले नाचू लागली. समुद्रात पाय पडताच शांत झाली.

"ऊन एकच ना, बाई?" नसीमाने विचारले. ती मालवणच्या एका मासळी-व्यापाऱ्याची मुलगी.

"एकच. पण पाण्यावरचे पुष्कळसे ऊन रेणूंमधले बंध सैल करण्यातच खर्ची पडते."

"म्हणजे शेजाऱ्यांना धरून राहिले की डोके लवकर तापत नाही."

बाई म्हणाल्या, "हे मी पुढच्या वर्षी माझे म्हणून सांगणार आहे."

त्याच नसीमाला सायन्समधून काढून कॉमर्सला घालण्यासाठी तिचे वडील बशीरभाई एके दिवशी लॅबमध्ये आले. घरच्या धंद्याला तेच उपयोगी, असे त्यांचे मत.

"पाणी शिकान ह्या चेडू काय करतला, बाई?" शेजारी उभ्या मुलीकडे बोट दाखवत त्यांनी विचारले.

बाईंनी पाण्याच्या चंचुपात्रात बर्फाचा खडा टाकला. तो तरंगला.

"ह्यात काय नवीन? माझ्या मासळीच्या पेटयेत रोज तरंगता."

"बुडाला असता तर, बाबा?" नसीमा म्हणाली. "थंड मुलखातली तळी तळापासून गोठली असती. बर्फ हलका, म्हणून वर राहतो. खाली पाणी उरते, आणि त्यात मासे."

"बर्फाखाली जिवंत मासे?"

"होय, बाबा."

बशीरभाईंनी तो खडा बोटाने खाली दाबला; तो पुन्हा वर आला. "आमी बर्फ घालतो तो मेलेल्या माशांका," ते हळूच म्हणाले.

हा किस्सा सांगताना लोक म्हणतात की बाईंनी बशीरभाईंना पटवले. ते खरे नाही. बाई त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि बशीरभाईंनीही 'पटले' असे म्हटले नाही. दाराशी चपला घालता घालता त्यांनी मुलीला एवढेच विचारले, "उद्या लॅब किती वाजता उघडता गो?"