अकोल्याचा कागद

माझी बहीण नऊ वर्षांची असताना तिचं पोट दुखायला लागलं, आणि ते कशानं दुखतं हे कोणालाच सांगता येईना. मी तेव्हा अमरावतीला इंटरच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणून त्या दुखण्यात एक काम माझ्याकडे आलं. ते मी कसं केलं एवढंच इथं लिहायचं आहे. लिहावं की नाही, हे बरीच वर्षं ठरत नव्हतं.

घर धामणगावला, रुळांच्या पलीकडल्या वस्तीत. बाबा प्रेसमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. माय हंगामात जिनात कापूस निवडायला जायची.

दुखणं बहुतेक दुपारी यायचं. उपाशीपोटी म्हणावं तर जेवल्यावरही यायचं. खेळता खेळता ती गप्प व्हायची, डाव सोडून घरात यायची आणि रांजणाखालच्या ओल्या जमिनीवर पालथी पडायची. रडायची नाही. अर्ध्या तासानं, कधी दोन तासांनी उठायची, फ्रॉकचा चिखल झटकायची आणि परत खेळायला जायची. हे परत खेळायला जाणंच तिच्या आड आलं.

"पोट दुखणारी पोरगी अशी टनाटन उड्या मारते काय?" शेजारची म्हातारी म्हणायची. "सोंग हाये, सोंग. शायेची येळ झाली का दुखते."

शाळा सकाळची होती. पण म्हातारीला हे कोण सांगणार?

ओवा झाला, एरंडेल झालं. बेंबी सरकली म्हणून एकानं पोट चोळून दिलं. त्या दिवशी मात्र ती रडली.

दीक्षा घेऊन आम्हांला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. नागपूरहून आल्यावर बाबांनी घरातले देव एका फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. त्यात मायच्या माहेरून आलेला मरीमायचा टाकही होता.  मायही पांढरं लुगडं नेसून नागपूरला गेली होती, सगळ्यांबरोबर तिनंही हात जोडून सारं म्हटलं होतं. पण बहिणीचं पोट दुखायला लागलं ते पुढच्या आखाडात, आणि आखाड हा मरीमायचा महिना. माय हे एकदाच बोलली, तेही चुलीकडे तोंड करून.

"आखाडातच लागलं."

"आखाडात साऱ्या गावाचं पोट बिघडते," बाबा म्हणाले. "पानी गढूय असते."

विषय तिथंच संपला. पण त्यानंतर घरात त्या दुखण्याचे दोनच अर्थ उरले. डॉक्टरला रोग सापडला तर तो रोग. नाही सापडला तर मायचं खरं. असं कोणी म्हटलं नव्हतं. मी शनिवारी घरी यायचो तेव्हा ते मला जेवताना कळायचं. बाबा मायकडे न पाहता भाकर मागायचे.

पहिल्यांदा मी तिला अमरावतीला नेलं. बाबांना हंगामात खाडा करता येत नव्हता, आणि ते म्हणाले, "तू शिकलेला. डॉक्टरसंगं तूच बोल." राजापेठेतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जंताच्या गोळ्या दिल्या. महिन्यानं परत गेलो तेव्हा जुलाबाचं औषध दिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्याशी न बोलता मलाच विचारलं, "घरात लाडकी आहे का?" मी हो म्हणालो. खरंच लाडकी होती. ते हसले. मग म्हणाले, हवं तर पोटाचा फोटो काढून घ्या. अमरावतीला त्याचा नंबर लागायला वेळ होता. अकोल्याला आत्या राहायची, म्हणून आम्ही अकोल्याला जायचं ठरवलं.

फोटो काढायचा आहे एवढंच बहिणीला कळलं होतं. तिचा तोपर्यंत एकही फोटो निघाला नव्हता. तिनं मायकडून तेल लावून दोन वेण्या घालून घेतल्या, लाल रिबिनी बांधल्या. गाडीत ती मानेला धक्का न लावता बसून होती. मला सांगायला हवं होतं. मी बडनेरा गेल्यावर सांगू, मूर्तिजापूर गेल्यावर सांगू असं करत राहिलो.

आत्या जठारपेठेत एका घराच्या बांधकामावर विटा वाहायची. संध्याकाळी ती आली, तिनं रिबिनी पाहिल्या आणि म्हणाली, "लगनाले चालली काय वं?"

"फोटो काढाले."

"आतड्याचा फोटो काढतात ते, बाई. आतड्याले कोनी रिबिनी बांधते काय?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. रिबिनी सोडल्या नाहीत तिनं.

सकाळी उपाशी नेलं. पांढरं खडूसारखं घट्ट औषध पेलाभर प्यायला दिलं. ते तिनं एका दमात प्यायलं, ओठांवर पांढरी रेघ राहिली. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. डॉक्टरांच्या डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा होता. मला दाराबाहेर थांबवलं. आतून तिचा आवाज आला, "अंधारात फोटो कसा निंगीन?" 

दुपारी डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीपुढे धरून दाखवली. बहीण टाचा वर करून पाहत होती.

"याच्यात माहं तोंड कुठी हाये?"

"तोंड नाही काढलं बाळ," डॉक्टर म्हणाले. ते चांगले होते. त्यांनी तिला समोर बसवलं आणि तिलाच विचारलं, "दुखतं ना तुला?"

"दुखते."

"मग दुखतच असेल." ते माझ्याकडे वळले. "फोटोत काही नाही. गाठ नाही, व्रण नाही, आतडं मोकळं आहे. चांगलंच आहे हे."

"मग रोग कोणता म्हणायचा?"

"ते मला सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजानं नाव देऊन काय करणार?"

काय करणार ते मला त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी इंग्रजीत चार ओळींचा कागद लिहून दिला. तो मी बाकावर बसून तीनदा वाचला. सगळे शब्द मला येत होते. याआधी एखादा इंग्रजी कागद पूर्ण कळला की मला बरं वाटायचं. त्या दिवशी काही वाटलं नाही. बहीण विचारत होती, आता जेवू का? मी हो म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा बाबा प्रेसमधून येऊन दारात बसले होते, केसांत कापसाचे तंतू. माय आत उभी होती.

"काय निंगालं?"

मी कागद उघडला. गाडीत मी काही ठरवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. बाबा कागदाकडे पाहत होते, माय माझ्याकडे.

"आतड्याले सूज हाये," मी म्हणालो.

बाबांनी श्वास सोडला. "आयकलं?" ते आत पाहून म्हणाले. "सूज हाये."

मायनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "औषध?"

याचा मी विचार केला नव्हता. "औषध नाई. पथ्य. तिखट नाई, तेल नाई, भाकर नाई. मऊ भात अन् ताक."

हे कुठून आलं मला माहीत नाही. हॉस्टेलात एकाला कावीळ झाली होती, त्याचं पथ्य बहुधा. बाबांनी कागद माझ्याकडून घेतला, घडी केली आणि माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीला सूज माहीत झाली. म्हातारी पोरीला बघायला आली आणि "आगं बाई, सूज होय!" म्हणून तिच्या पोटावरून हात फिरवून गेली.

बहिणीला मात्र बरं वाटलं. दुखणं तसंच होतं, पण आता त्याला नाव होतं. शाळेतल्या मुलींना ती सांगायची, "माह्या आतड्याले सूज हाये. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं." पथ्य तिनं कधी मोडलं नाही. घरात सगळे ठेचा-भाकर खात असताना ती ताकभात कालवत बसायची. एकदा मला म्हणाली, "भाऊ, भात खाऊन खाऊन सूज उतरते न?" मी म्हणालो, उतरते. दर शनिवारी मला ती थोडी बारीक झालेली दिसायची. मी पाहायचो आणि सोमवारच्या गाडीनं अमरावतीला परत जायचो. परीक्षा होती. अभ्यास होत होता. याचं आता मला आश्चर्य वाटतं.

असे दहा-अकरा महिने गेले. मग एकदा मी अमरावतीला असताना तिला घेरी आली, आणि बाबांनी तिला गावात नव्यानं आलेल्या डॉक्टरकडे नेलं. बरोबर पेटीतला कागद नेला. डॉक्टरनं कागद वाचला आणि विचारलं, सूज कोणी सांगितली? पोरगी अशी वाळवली कशाला?

बाबांनी मला पत्र टाकलं नाही. मी शनिवारी गेलो तेव्हा कागद पाटावर ठेवलेला होता.

"वाच," बाबा म्हणाले.

मी इंग्रजीत वाचलं.

"आता मराठीत सांग."

मी सांगितलं. गाठ नाही, व्रण नाही, काही दिसत नाही.

"अन् सूज?"

"ते मी माह्या मनानं सांगतलं."

"काहून?"

मी मायकडे पाहिलं. पाहायला नको होतं. बाबांनीही तिकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसले. मग मायला म्हणाले, "तूनं काही म्हटलं होतं काय त्याले?"

"मी कायले म्हनू?" माय म्हणाली. मग ती खाली बसली. "मी तं अकोल्याच्या आधीच गेल्ती."

"कुठी?"

"माहेरी. पोरीले घेऊन. मरीमायच्या ठान्यावर नारय फोडलं, लिंबू उतरवलं." तिनं पदर सारखा केला. "दुखनं नाई थांबलं."

"मले नाई सांगतलं."

"इचारलं असतं तं जाऊ देलं असतं काय?"

 मला वाटलं आता बाबा ओरडतील. मायलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं हातातला भाताचा गंज बाजूला ठेवला.

"यानं सूज म्हटलं तवा मले बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, चला, काही तं हाये."

बाबा हसले. ते हसणं मला आवडलं नाही. "म्हंजे दोनी ठिकानी काईच नाई निंगालं," ते म्हणाले. "मले वाटे, मी जितलो."

बहीण रांजणाजवळ होती हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. ती पुढं आली.

"मंग माह्या पोटात सूज नाई?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग काय हाये?"

"माहीत नाई."

"डॉक्टरले?"

"त्यालेबी नाई."

ती विचार करत उभी राहिली. मान फार बारीक दिसत होती. "मी पोरीईले काय सांगू आता? त्या म्हनतीन, सोंग करे."

मला तिला सांगायचं होतं की खोटं मी बोललो, तू नाही. एवढं साधं वाक्य. ते तोंडातून निघालं नाही. बाबाच म्हणाले, "जे सोंग म्हनीन तिले माह्याकडं धाड. तुले दुखते हे मले दिसते."

"अन् काहून दुखते म्हनलं तं?"

"माहीत नाई म्हन. माह्या बापालेबी माहीत नाई म्हन."

तिला हे पटलं की नाही, मला सांगता येत नाही. तिनं मायकडे पाहिलं. "मंग ठेचा खाऊ?"

मायनं ताटात भाकर घेतली, कडेला ठेचा, वर तेलाची धार. बहीण खायला बसली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, पण ती थांबली नाही. आम्ही तिघं पाहत होतो. प्रत्येक घासागणिक मी तिचं पोट बघत होतो.

"असे काय पाहून राहिले सारे?" ती चिडून म्हणाली. "जेवू द्या न."

आम्ही दुसरीकडे पाहिलं.

सोमवारी मी परतलो. त्या आठवड्यात हॉस्टेलवर एक कार्ड आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, शाळेत शिकवतात तशा मराठीत. "प्रिय भाऊस, मंगळवारी दुखले. का दुखले ते माहीत नाही. भाकर खाते. बाकी सर्व ठीक." पुढची चार वर्षं अशी कार्डं येत राहिली. मग दुखणं कमी होत गेलं आणि कार्डंही. शेवटचं कधी दुखलं, हे तिलाही आठवत नाही.